भट्टीत घातला की शनीचा गुरू होतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ॲमेथिस्ट या जांभळ्या खड्यावर अख्खं पान होतं ते वाचलं. फोटो इतका झकास होता की मी आधी फोटोच बघत बसलो, मजकुराकडे नंतर वळलो, आणि मग मात्र चहा कधी गार झाला कळलंच नाही. लेखात म्हटलंय की हे शनीचं रत्न, शनिवारी मधल्या बोटात घालावं, दारूचं व्यसन सुटतं, ग्रीक पुराणात त्याची गोष्ट आहे, आणि महिन्यातनं एकदा दिवसभर कडक उन्हात ठेवून खडा 'चार्ज' करावा. आता श्रद्धेबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही, माझ्याच घरात घालून उपयोग होत नाही तर बाहेर काय घालणार, पण ते उन्हाचं वाचून राहवेना म्हणून हे पत्र. जरा लांबेल. कात्री लावायची तर माझ्या काकांच्या गोष्टीला लावा, उन्हाचा आणि भट्टीचा भाग तेवढा ठेवा.

मी काही रत्नपारखी नाही. रविवार पेठेतल्या एका सराफी दुकानात २२ वर्षं हिशेब लिहायचं काम केलं, दुकानाचं नाव सांगत नाही. पण खड्यांच्या पुड्या आल्या की वजन, नग, भाव सगळं माझ्याच वहीत चढायचं, त्यामुळे कुठल्या पुडीतनं काय निघतं आणि काउंटरवर गेल्यावर त्याचं काय नाव होतं हे मी रोज बघितलंय. ॲमेथिस्टला आमच्याकडे कुणी ॲमेथिस्ट म्हणायचं नाही. जयपूरहून माल यायचा त्याच्यावर 'कटेला' लिहिलेलं असायचं, हिंदी बोलणारं गिऱ्हाईक जमुनिया म्हणायचं आणि आपल्या बायका सरळ "तो जांभळा खडा दाखवा" म्हणायच्या.

आता काकांचं. आमचे थोरले काका प्यायचे. साधारण ७५-७६ सालची गोष्ट, नारायण पेठेत वाड्यात राहायचो, सगळ्या वाड्याला माहीत होतं आणि सगळे आम्हाला माहीत नाही असं दाखवायचे. आजीने कुणा ज्योतिषाला पत्रिका दाखवली, त्यांनी साडेसाती सांगितली, नीलम सांगितला, पण नीलम परवडणारा नव्हता आणि वर नीलम सगळ्यांना सोसत नाही, उलटला तर घर बसवतो अशी भीती, म्हणून मग उपरत्न कटेला. आजीने भिशीच्या पैशातून चांदीत करवून घेतला. काकांनी तो शनिवारी मारुतीला जाऊन मधल्या बोटात घातला आणि त्याच रात्री त्याच हाताने ग्लास धरला. पुढे सात-आठ वर्षं असंच चाललं. मग पायाला सूज, हाताला सूज, अंगठी घट्ट व्हायला लागली म्हणून साबण लावून काढली आणि आजीच्या कुंकवाच्या डबीशेजारी ठेवली, आणि त्याच वर्षी डॉक्टरांनी लिव्हर दाखवून असं काही झापलं की काकांनी दारू सोडली ती कायमची. म्हणजे बोटात खडा होता तोवर पीत होते आणि खडा डबीत गेल्यावर सुटली. आजी शेवटपर्यंत म्हणायची की खड्यानेच केलं, लागू पडायला उशीर झाला एवढंच. तिच्याशी कोण बोलणार.

गंमत म्हणजे दारूचं हे प्रकरण खड्याच्या नावातच आहे. 'अमेथिस्टोस' या ग्रीक शब्दाचा अर्थच न झिंगलेला. त्यावरून समजूत झाली की हा खडा जवळ असला, किंवा याच्या पेल्यातून प्यायलं, की चढत नाही. पण रोममध्ये प्लिनी नावाचा जो लेखक होऊन गेला, इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या स्फोटात गेला तोच, त्याने तेव्हाच लिहून ठेवलंय की हे मांत्रिकांचं खोटं आहे. जवळजवळ दोन हजार वर्षं झाली आणि आपण अजून तेच छापतोय! आणि ती 'ग्रीक पुराणातली' गोष्ट, ॲमेथिस्ट नावाची मुलगी, मद्याचा देव तिच्या मागे लागतो, ती दगड होते, मग तो तिच्यावर वाइन ओततो आणि दगड जांभळा होतो, ती पुराणातली नाहीच. रेमी बेलो नावाच्या फ्रेंच कवीने १५७६ मध्ये रचलेली आहे. म्हणजे इकडे नाथांचं भारूड चालू होतं त्या काळातली. गोष्ट गोड आहे, वाचावी, पण पुराण म्हणून खपवू नये.

बरं, आपल्या नवरत्नांत हा खडा कुठेच नाही. माणिक, मोती, पोवळं, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद, लसण्या, झाले नऊ. कटेला मागच्या दाराने आलाय, नीलम महाग म्हणून त्याचा बदली कामगार. रंग निळसर जांभळा म्हणून शनीच्या खात्यात टाकला. आणि नीलम म्हणजे कुरुंद नावाच्या वेगळ्याच खनिजाच्या जातीचा, त्याचं आणि याचं काही नातंच नाही.

मग हा आहे तरी काय? तर गार. आपण लहानपणी दोन गारगोट्या अंधारात घासून ठिणग्या पाडायचो ना, तीच. सिलिकॉन आणि ऑक्सिजन, म्हणजे क्वार्ट्झ, शुद्ध असेल तर पाण्यासारखा पांढरा स्फटिक. त्यात अगदी किंचित लोखंड शिरलेलं असतं, आणि आजूबाजूच्या खडकातून जो नैसर्गिक किरणोत्सर्ग होतो तो लाखो वर्षं त्या लोखंडावर पडत राहतो, त्यामुळे जांभळा रंग येतो. नुसत्या लोखंडाने येत नाही, दोन्ही लागतात. हे मला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं, रिटायर झाल्यावर भाचीने सांगितलं, ती जिऑलॉजी शिकलीय, आणि तेव्हापासून माझी सवयच झालीय की कुठे हा खडा दिसला की मनात येतं, बाबा रे किती वर्षं बसला होतास उन्हावाचून.

त्याच भाचीबरोबर वेताळ टेकडीवर फिरायला जातो तेव्हा ती पायाखालच्या दगडातली बारीक बारीक भोकं दाखवते. आपलं सगळं पुणं त्या काळ्या दगडावर आहे, पाताळेश्वराचं लेणं त्यातच कोरलेलं आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, त्यात वाफेचे बुडबुडे अडकले, थंड झाल्यावर पोकळ्या राहिल्या, आणि मग खडकातून फिरणारं पाणी त्या पोकळ्यांत एकेक खनिज आणून बसवत गेलं. बाहेरून बघाल तर काळंबेरं ढेकूळ, फोडलं की आत दिवाळी. जालना, संभाजीनगर या बाजूला याच पोकळ्यांत जांभळे स्फटिक सापडतात, आपल्या महाराष्ट्रातलेच, ब्राझीलचेच पाहिजेत असं काही नाही. आमच्या पुण्याच्या बाजूला मात्र जास्त करून झिओलाइट नावाची खनिजं निघतात, आणि वाघोलीच्या खाणीत मोरचुदासारखं निळंभोर कॅव्हनसाइट नावाचं खनिज निघालं, जे जगातले संग्राहक आपल्या वाघोलीच्या नावाने ओळखतात आणि आपण वाघोलीला फक्त ट्रॅफिकच्या नावाने ओळखतो. सिन्नरला गारगोटी नावाचं खनिजांचं म्युझियम आहे, शिर्डीला जाताना वाकडी वाट करून एकदा जरूर बघा, तिथे हे सगळं काचेत नीट मांडलेलं आहे. मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा घरच्यांनी बाहेर येऊन हाका मारल्या.

आता मुद्द्यावर येतो.

आमच्या दुकानात एकदा एका बाईंची सोन्याची अंगठी दुरुस्तीला आली, कड तुटली होती. कारागीर नवीन होता, त्याने खडा न काढताच डाग दिला, म्हणजे ज्योत लावून कड सांधली. अंगठी झाली छान, पण खडा जांभळा होता तो फिकट पिवळट होऊन बसला. बाईंनी दुकान डोक्यावर घेतलं, खडा बदलला म्हणून. बदलला नव्हता हो, तोच होता! सेठजींनी दुसरा खडा बसवून दिला आणि तो पिवळा झालेला खडा गल्ल्यात टाकला, आणि मला तेव्हा वाटलं की जळला बिचारा, वाया गेला. वाया कसला जातोय. नंतर मला कळलं की हे जगभर मुद्दाम करतात. ॲमेथिस्ट साधारण ४००-५०० अंशांना तापवला की त्याचा जांभळा रंग जातो आणि पिवळा, मधासारखा, तांबूस असा होतो, आणि मग त्याला सिट्रिन म्हणतात, आपल्याकडे त्याचं नाव 'सुनेला'. निसर्गात पिवळा सिट्रिन तसा दुर्मीळच, बाजारात जो दिसतो त्यातला बराचसा तापवलेला ॲमेथिस्टच असतो. यात फसवणूक नाही, सगळ्या व्यापाराला माहिती आहे, रंगही टिकतो.

पण हा 'सुनेला' आपल्याकडे कशासाठी विकला जातो? पुष्कराजाचं उपरत्न म्हणून. म्हणजे गुरूसाठी! गुरुवारी, तर्जनीत, सोन्यात. आता सांगा, तोच खडा, त्याच खाणीतला, त्याच पोत्यातला, अर्धे तसेच ठेवले तर शनी आणि अर्धे भट्टीत घातले तर गुरू. बोट बदललं, वार बदलला, धातू बदलला, भाव बदलला, खड्याच्या अंगात मात्र फक्त लोखंडाची अवस्था बदलली. ब्राझीलमधल्या काही ठिकाणचा माल तर असा आहे की तापवल्यावर पिवळा न होता हिरवा होतो, मग तो काय बुधाकडे जाणार? आणि फार तापवला नसेल तर पिवळ्या झालेल्या खड्याला परत किरणोत्सर्ग दिला की पुन्हा जांभळा होऊ शकतो, म्हणजे गुरूचा परत शनी. बोलिव्हियात एक खाण आहे, तिथे एकाच स्फटिकात अर्धा भाग जांभळा आणि अर्धा पिवळा निघतो, ॲमेट्रिन म्हणतात त्याला. शनी-गुरूची युती झाली की ही, त्याला कुठलं बोट देणार आहात ते पुढच्या रविवारी छापा.

मी हे एकदा आमच्या सेठजींना विचारलं होतं. ते हसले, म्हणाले भाऊसाहेब, गिऱ्हाईक खडा नाही घेत, धीर घेतं, आणि धिराला भाव नसतो. उत्तर म्हणून मला ते आवडलं होतं तेव्हा. पण मी वही लिहायचो ना, धिराला भाव होता, बऱ्यापैकी होता. 'शनीसाठी' म्हणून मागितलेला खडा आणि नुसता 'कानातल्यासाठी' म्हणून मागितलेला खडा, एकाच पुडीतले, वेगवेगळ्या भावाने जायचे. त्यात रत्तीचा घोळ वेगळाच. आपल्या जुन्या हिशेबात तोळ्याचे १२ मासे आणि माशाच्या ८ गुंजा, म्हणजे गुंज, तीच जुनी रत्ती, साधारण १२१ मिलीग्रॅम. खड्यांच्या बाजारात जी रत्ती चालते ती १८० मिलीग्रॅमच्या आसपास. आणि कॅरट म्हणजे २०० मिलीग्रॅम. "सव्वापाच रत्तीचा घाला" असं कुणी सांगितलं की कुठली रत्ती ते कुणी विचारतच नाही. ग्राहकाने सरळ कॅरटमध्ये बिल मागावं.

आता उन्हाचं, ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं. ॲमेथिस्ट उन्हात ठेवू नका हो! सगळेच खडे लगेच उडत नाहीत पण बऱ्याच खड्यांचा रंग सततच्या उन्हाने फिका पडत जातो आणि गेलेला रंग घरच्या घरी परत येत नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरी, बाणेरला, मोठा थोरला अर्धा फोडलेला गोटा आहे, आत सगळे जांभळे स्फटिक, वास्तूसाठी म्हणून पश्चिमेच्या खिडकीत ठेवला होता. आठ-नऊ वर्षांनी गेलो तर खिडकीकडची बाजू धुतलेल्या पातळासारखी झालेली आणि भिंतीकडची बाजू अजून वांग्यासारखी. त्यांना वाटलं की घरातली निगेटिव्ह एनर्जी शोषून घेतल्यामुळे रंग गेला, म्हणजे खडा काम करतोय. मी काही बोललो नाही, पोहे चांगले झाले होते. पण तुमचा पेपर लाखभर घरात जातो, त्यातल्या शंभर बायकांनी जरी आईची जुनी कुडी उन्हात नेऊन ठेवली तरी केवढं नुकसान. चार्ज करायला तो मोबाइल आहे का? कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश, बास. आणि हिऱ्यासारखा कडक समजून कुठेही घासू नका, कडकपणाच्या १ ते १० या मोहच्या मापात हा ७ आहे, आणि धुळीत जे वाळूचे कण असतात तेही क्वार्ट्झच, म्हणजे याच्याच तोडीचे. रोज अंगठीत वापरला की पैलूंच्या कडा हळूहळू बोथट होतात, कानात गळ्यात जास्त टिकतो.

शापाच्या गोष्टींबद्दल तुमच्या लेखात काहीच नव्हतं, ते का सोडलं कळलं नाही, कारण सगळ्यात भारी गोष्ट आपल्या देशातली आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये एक खडा आहे, नाव 'दिल्ली पर्पल सफायर'. तो दिल्लीचा नाही आणि सफायर म्हणजे नीलमही नाही, तो ॲमेथिस्ट आहे. असं सांगतात की १८५७ च्या धामधुमीत कानपूरच्या इंद्राच्या देवळातून लुटून नेला, नेणाऱ्या इंग्रज कर्नलचं घर बुडालं, मग तो एडवर्ड हेरॉन-ॲलन नावाच्या विद्वान माणसाकडे आला, त्याचंही वाईट व्हायला लागलं, त्याने कालव्यात फेकून दिला तर गाळ काढताना सापडला आणि तीन महिन्यांत परत याच्याच दारात हजर. शेवटी त्याने खडा डब्यात डबा घालून बंद केला आणि १९०४ मध्ये सोबत एक पत्र लिहून ठेवलं, त्यात शेवटचा सल्ला असा की ज्याच्या हाती हा लागेल त्याने समुद्रात फेकून द्यावा. तो गेल्यावर त्याच्या मुलीने १९४४ मध्ये तो म्युझियमला देऊन टाकला. आता हा गृहस्थ कथाही लिहायचा, त्यामुळे शाप त्यानेच रचला असंही बऱ्याच जणांचं म्हणणं आहे, आणि मलाही तसंच वाटतं. इंग्लंडात गेला की शाप देतो आणि नारायण पेठेत आला की साडेसाती घालवतो, असं कसं?

बाकी दागिना म्हणून याचा मान पूर्वी फार मोठा होता. इजिप्तमध्ये चार हजार वर्षांपूर्वी याचे मणी घालायचे, युरोपात बिशपच्या अंगठीत हाच असायचा, आणि हिरा, माणिक, नीलम, पाचू यांच्या पंक्तीला याचं पान मांडलेलं असायचं. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमध्ये याचे ढीगच्या ढीग सापडले आणि भाव कोसळला. मला विचाराल तर तिथेच आपल्यासारख्यांचं नशीब उघडलं. माणिक-पाचूत जे पाणी बघायला लाखो रुपये लागतात ते यात मध्यमवर्गीय माणसाला परवडतं, आणि मोठा खडा घेतला म्हणून भाव माणकासारखा उड्या मारत नाही. जून महिन्यात हातगाडीवर जांभळं येतात ना, ओली, मीठ लावलेली, तसा रंग, पण आतून दिवा लावल्यासारखा. चांगल्या खड्यात जांभळ्याच्या पोटात तांबूस झाक मारते, हलवला की निळसर होते. हे दुकानातल्या लाइटखाली बघू नका, पिवळ्या दिव्याखाली सगळेच खडे तांबूस आणि उंची दिसतात, सरळ सांगा की दाराशी उजेडात नेऊन बघतो, खरा दुकानदार नाही म्हणत नाही. पांढऱ्या कागदावर पालथा ठेवा, रंगाचे सरळ पट्टे कुठे गडद कुठे फिके दिसले तर घाबरू नका, तो दोष नाही, स्फटिक वाढतानाच्या खुणा आहेत. आत गोल बुडबुडे दिसले तर मात्र काच. आणि लॅबमध्ये वाढवलेला ॲमेथिस्ट तर खऱ्यासारखाच असतो, म्हणजे रसायन तेच, रंग तोच, त्यात मी २२ वर्षांत डोळ्याने एकही ओळखू शकलो नाही, त्याला लॅबच लागते. महाग घेणार असाल तर सर्टिफिकेट घ्या, पाच-दहा हजाराच्या आतला असेल आणि मनापासून आवडला असेल तर घेऊन टाका, शनीला विचारू नका.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत निदान चार ओळींचा खुलासा टाका, की खडा उन्हात ठेवू नये आणि दारूसाठी डॉक्टर गाठावा.

काकांची ती चांदीची अंगठी आता भाचीकडे आहे. खडा मधोमध एका जागी जरा ढगाळ आहे, कडा झिजल्यात, पण रंग अजून तसाच, डबीत अंधारात राहिल्यामुळे असेल. तिच्या मधल्या बोटात ती ढिली होते म्हणून ती अंगठ्यात घालते, आणि अंगठ्यावर कुठला ग्रह बसतो ते मला आजीला विचारायचं राहून गेलं.

आपला एक जुना वाचक,
कोथरूड, पुणे